खांद्यावरची थाप

इंग्लंडमधल्या श्रूजबरीत आम्ही घर घेतलं तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि जगातलं सगळं मला कळत होतं. शेजारी एक धिप्पाड इंग्लिश माणूस राहायचा. त्याचे कान म्हणजे कढईत फसलेली भजी. मी निदान केलं: सूज. आंबेहळद उगाळली, कोमट केली आणि वाटी घेऊन कुंपणाशी गेले. त्याने काही न विचारता दोन्ही कानांना लेप लावला आणि शनिवारभर पिवळ्या कानांनी गवत कापलं.

संध्याकाळी आमचे हे म्हणाले, "अगं, तो रग्बी खेळायचा. इंग्लंडकडून. डोकी घासून घासून कान कायमचे तसे होतात."

"मग त्याने सांगायचं होतं," मी म्हणाले. चूक माझी असली की मी अशीच ठणकावून बोलायचे. अजूनही बोलते.

गुडघे गेल्यावर तो बायकोच्या गावी येऊन इथल्या शाळेत सुतारकाम शिकवू लागला होता. खेळाचा विषय सहसा काढायचा नाही. एकदा मीच खोडी काढली. "तुमचा खेळ म्हणजे चमचा हरवल्यासारखे वाकलेले बाप्ये." त्याने मला आणि ह्यांना तिथेच हिरवळीवर वाकायला लावलं. मी पदर खोचून मधे, तो माझ्या डावीकडे, हे उजवीकडे. पुढच्या रांगेतले तिघे असे एकमेकांना घट्ट धरतात. मधला तो हुकर. चेंडू आत येताना हुकर शेजाऱ्याच्या खांद्यावर बोटं आपटतो. त्या थापेनंतरच रेटा द्यायचा.

मी थाप दिली. तो हललाच नाही. सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "आमचा हुकर माझा लहानपणापासूनचा मित्र. एकदा सगळा घोळका खाली कोसळला आणि त्याची मान मोडली. मी थापेची वाट बघत होतो. ती आलीच नाही."

मी काय केलं असेल? चहा विचारला.

पुढे हे गेले. शेजाऱ्याची स्मरणशक्ती विरत चालली. आधी मुलांची नावं, मग बायकोचं. मी कुंपणाशी दिसले की कानाला हात लावायचा, तेवढं मात्र राहिलं. मग तेही गेलं.

गेल्या जानेवारीत भर दुपारी त्याची बायको कोट न घालता माझ्या दारात आली. "तो मागे बर्फात आहे. नुसत्या शर्टावर. उठत नाही, मला ढकलून देतो." अँब्युलन्सला फोन झाला होता, पण रस्त्यावरचा बर्फ अजून हटवला नव्हता.

तो किचनच्या उघड्या दाराकडे तोंड करून वाकला होता. पाठ सपाट, उजवा हात हवेत, कुणाच्या तरी कमरेभोवती असावा तसा. बोटं निळी पडली होती. "चला आत, गोठाल," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघेना. बायको रडत शेजारी उभी होती आणि मला तो रिकामा हात दिसत होता.

मी त्या हाताखाली शिरले. सत्तरी उलटलेली बाई, पायात घरातल्या सपाता. त्याने माझा स्वेटर मुठीत धरला. त्याच्या अंगाची थरथर माझ्या बरगड्यांत उतरली. त्याने मान वळवून माझ्या पलीकडे, उजव्या बाजूला पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. त्याने मान डोलावली, जणू तिसराही जागेवर आला. मी तिकडे पाहायची हिंमत केली नाही. त्या दिवशी हिरवळीवर तिथे होते ते आमचे हे.

मी त्याच्या खांद्यावर बोटं आपटली.

आधी काहीच नाही. मग असा रेटा आला की आम्ही दोघं दारातून आत जाऊन खुर्च्यांवर आदळलो. बायकोने दार लावून घेतलं आणि त्याला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं. बोटांत हळूहळू रंग आला.

तो माझ्याकडे एकटक बघत होता. म्हणाला, "मान ठीक आहे ना तुझी?"

मला विचारत नव्हता, हे मला कळत होतं.

"ठीक आहे," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले. अँब्युलन्स आली तेव्हा तो बसल्या जागी घोरत होता.

त्या दिवसापासून माझी मान धरली आहे. डॉक्टर मुलगी म्हणते, "आई, एक्स-रे नॉर्मल आहे. इट्स जस्ट एज." असेल. रात्री आंबेहळद लावते. उतार नाही.