सरकत्या दाराची जीप

ती हिरवी जीप आजही डोळ्यांपुढून हलत नाही. भूकंपाला दोनेक वर्षं झाली होती. पोलीस खात्यातून माझी निवृत्ती जवळ आली होती आणि अर्जित रजा घेऊन मी जपानमध्ये सेंदाईला मुलीकडे गेलो होतो. एका दुपारी तिथल्या पोलीस ठाण्यातून मुलीला बोलावणं आलं. तिच्या संस्थेतली एक मराठी संशोधक चौकशीसाठी आणली होती आणि ती बोलायलाच तयार नव्हती. दुभाषी म्हणून मुलगी निघाली, तिच्याबरोबर मीही.

एका हौशी संग्राहकाची जुनी लष्करी जीप चोरीला गेली होती. त्सुनामीनं ओसाड केलेल्या किनाऱ्यावर तशीच एक जीप फिरते, अशी खबर फोनवर मिळाली. पोलीस गेले, तर तिथल्या एका शेडमध्ये जीपजवळ ही संशोधक मुलगी, हातात किल्ली. गाडीला नंबरप्लेट नाही, चासी नंबर गंजून गेलेला. संग्राहक म्हणाला, "माझीच. चोरानं वर पत्र्याची केबिन चढवलीय."

ठाण्यात ती संशोधक मुलगी हातातल्या टिश्यूचे तुकडे करत बसली होती. पाय सारखा हलत होता.

"किल्ली कुणी दिली?" मी विचारलं.

"काका, मी चोरी केलेली नाही. पण नाव सांगणार नाही. शब्द दिलाय."

"व्हिसा जाईल तुझा."

"जाऊ दे."

चोर इतकं बेफिकीर बोलत नाही. मला स्वस्थ बसवेना. मी जीप बघायची परवानगी मागितली.

नोकरीत मी बरीच वर्षं मोटार परिवहन विभागात काढली होती. सरळ गाडीखाली शिरलो. लष्करी जीपची पुढची चाकंही इंजिनाच्या जोरावर फिरतात, म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलवर डिफरन्शिअलचा गोळा असतो. इथं नुसता दांडा होता. दारं सरकती, त्यांच्या पट्ट्या मूळच्याच, म्हणजे केबिन मागाहून चढवलेली नव्हती. स्टिअरिंग उजवीकडे, पण वेगाचा काटा मैलांचा. अशी एक जीप मी मुंबई बंदरात जप्तीच्या गाड्यांत पाहिली होती. अमेरिकेत गाडी डावीकडे बसून चालवतात. टपालवाल्याला मात्र रस्त्याकडेच्या पेट्यांत पत्रं टाकता यावीत म्हणून उजवीकडे बसवतात. नखानं हिरवा रंग खरवडला, खाली पांढरा निघाला.

"ही लष्कराची नाही. अमेरिकन टपाल खात्याची जुनी गाडी आहे," मी म्हणालो. माझ्या मुलीनं भाषांतर केलं.

तेवढ्यात एक वयस्क हवालदार पुढे आला. सरकत्या दाराची जीप त्याच्या लक्षात होती. किनाऱ्यावरचा एक स्ट्रॉबेरीवाला शेतकरी ती हौसेनं चालवायचा. लाटेत तो गेला, गाडी तेवढी वाचली; त्याचा देह सापडला नाही.

संध्याकाळपर्यंत त्या शेतकऱ्याची म्हातारी बायको आणि मुलगा ठाण्यात आले. म्हातारी वाकून माफी मागत राहिली. किल्ली तिनंच दिली होती. दर रविवारी ही पोरगी तिला किनाऱ्यावर न्यायची, नवऱ्याला शोधायला. मुलाला कळू द्यायचं नाही या अटीवर.

मुलगा म्हणाला, "आई एकदा पाण्यात शिरली होती. म्हणून मी तिचं तिकडे जाणं बंद केलं होतं."

"म्हणूनच मी हात धरून उभी राहायचे," संशोधक मुलगी म्हणाली.

त्यानं हात पुढे केला. टेबलावरची किल्ली उचलून तिनं त्याला दिली. चोरीचा संशय फिटला, लगेच सोडलं तिला. परतताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही बरोबरच ओळखलंत."

पुढच्या रविवारी माझ्या मुलीनं सांगितलं, ती संशोधक बस पकडून किनाऱ्याकडे गेलीय, म्हातारीच्या नवऱ्याला शोधायला. एकटीच; म्हातारीला मुलानं सोडलं नाही.

मी जे सांगितलं ते खरं होतं, आणि ते सांगायलाच हवं होतं. तरी चैन पडत नाही. गप्प बसणारा स्वतःची कातडी वाचवतो, असं मी सगळ्या नोकरीत धरून चाललो होतो. रजेवरून परतल्यावर जे काही महिने उरले, त्यांत समोरचा माणूस गप्प झाला की मी आधी विचारायचो, "कुणासाठी?"