मास्कमध्येच बरी

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात, लायब्ररीत ती रोज माझ्यासमोर बसायची. करोना कधीच सरला होता, तिचा मास्क मात्र उतरला नव्हता. श्वासाची गरम हवा वर जाऊन डोळे कोरडे पडायचे, लाल व्हायचे. मग मान मागे टाकून ती ड्रॉप्स घालायची.

"डॉक्टर काय म्हणतात?" मी एकदा विचारलं.

"मास्क काढ म्हणतात."

"मग काढ ना!"

गालावरचा ओघळ पुसत ती म्हणाली, "काढला होता. मागच्या बाकावरून आवाज आला, 'अरे यार, मास्क में ही अच्छी थी.' सगळे हसले. सरसुद्धा."

वर्षाच्या शेवटी तिच्या वर्गाचा ग्रुप फोटो होता. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, मास्क काढा." ती रांगेतून निघाली आणि गेटकडे चालू लागली. कोणी हाक मारली नाही.

तो फोटो नोटीस बोर्डावर लागलाय. छान आलाय. त्यात कोणी कमी आहे, असं वाटतच नाही.