अण्णा मागे बसायचे

मी ती गाडी जूनमध्ये घेतली, हीच पहिली चूक. जूनमध्ये एडिसनमध्ये बर्फ कोणाला आठवतो? तिथल्या मराठी मंडळातले एक काका नोकरीसाठी टेक्ससला, शुगर लँडला निघाले होते आणि आपली बारा वर्षं जुनी निळी गाडी त्यांना कोणाच्या तरी गळ्यात मारायची होती. गाडी लांबलचक होती. बॉनेट एवढं मोठं, की त्यावर पापड वाळत घालता आले असते. मी एक चक्कर मारली आणि पाघळलो. किल्ली देताना काका म्हणाले, "मागच्या चाकांवर चालते बरं का. बर्फात जरा सांभाळून, यार. मागून नाचते." मी हसून मान डोलावली. जे ऐकायचं नसतं त्याला मान डोलवायची माझी जुनी सवय आहे.

तेव्हा बहुतेक सगळ्यांच्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. त्यांत इंजिनाचं सगळं वजन ओढणाऱ्या चाकांवरच पडतं, त्यामुळे बर्फात चाकांना पकड मिळते. माझ्या गाडीत इंजिन पुढे आणि जोर मागून. मागे रिकामी डिकी. म्हणजे ज्या चाकांनी गाडी ढकलायची त्यांच्यावरच वजन नाही. हे मला आज सांगता येतं. २००२ साली कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच चार गोष्टी सुनावल्या असत्या.

नोव्हेंबरात आई आणि अण्णा आले. बायकोला फेब्रुवारीतली तारीख दिली होती आणि बाळंतपणासाठी ते सहा महिने राहणार होते. अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या घाटांत त्यांनी एकतीस वर्षं लाल बस चालवली. त्यांच्या पगारावर मी इंजिनिअर झालो आणि मग लोकांना 'वडील सरकारी नोकरीत होते' असं सांगायला लागलो.

विमानतळावरून घरी आल्यावर सामान उतरवायच्या आधी अण्णा पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसले आणि गाडीखाली डोकावले. मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा त्यांना दिसला. उठून हात झाडत म्हणाले, "म्हणजे आमच्या गाडीसारखीच की ही." त्यांचा चेहरा एकदम खुलला होता. मला मात्र शेजारी काय म्हणतील, याचीच काळजी.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडला. फार नाही, वीतभरही नव्हता. शनिवार होता. ओक ट्री रोडवरून किराणा आणायला मी आणि अण्णा निघालो. ते माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर. आमच्या कॉम्प्लेक्सच्या बाहेर एक उतार आहे आणि उताराच्या शेवटी उजवीकडे वळण. मी नेहमीसारखा वळणापाशी ब्रेक दाबला. गाडी थांबायच्या ऐवजी तिचा मागचा भाग डावीकडे निघाला. मी घाबरून ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो आणि स्टेअरिंग उजवीकडेच धरून ठेवलं. समोर एक पत्रपेटी जवळ येत होती.

"ब्रेक सोड," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे करून स्टेअरिंग डावीकडे, म्हणजे मागचा भाग जिकडे चालला होता तिकडेच फिरवलं. माझा पाय आपोआप उचलला गेला. गाडी सरळ झाली आणि कडेच्या दगडाला टेकून थांबली. पत्रपेटी हातभर अंतरावर होती.

मी आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मी काय म्हणालो? "अण्णा, स्टेअरिंगला हात लावायचा नाही. हा तुमचा लाल डबा नाहीये."

एसटीच्या लाल बसला सगळं जग लाल डबा म्हणतं. अण्णांनी कधी म्हटलं नाही. ते 'माझी गाडी' म्हणायचे. त्यांनी हात मागे घेतला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवला. दुकानात त्यांनी मुकाट्याने भाजी निवडली आणि तांदळाच्या वीस-वीस पौंडांच्या दोन पिशव्या एकेक करून डिकीत ठेवल्या.

घरी आल्यावर मी पिशव्या काढायला लागलो तर म्हणाले, "असू दे डिकीत. मागं वजन असलं की मागून नाचत नाही. आम्ही रिकामी गाडी पावसात घाटात न्यायची झाली, तर असतील नसतील तेवढे पॅसेंजर मागं बसवायचो."

झालं. परत घाट, परत त्यांची गाडी. मी म्हणालो, डिकीत बाळाची बाबागाडी ठेवायची आहे, वजनाने पेट्रोल जास्त जातं, आणि इथे कोणी तांदूळ घेऊन फिरत नाही. दोन्ही पिशव्या एकदम उचलल्या आणि दुसऱ्या मजल्यावर नेल्या. वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती. आईने माझी बाजू घेतली. "अन्न असं गाडीत ठेवतात होय? सर्द होईल," ती म्हणाली.

पुढच्या वेळी बर्फ पडला तेव्हा सकाळी सहाला अण्णा माकडटोपी घालून, हातात डबा घेऊन दाराशी उभे. "मी पण येतो तुझ्याबरोबर. घरात बसून अंग आंबलं." माझं ऑफिस पंचवीस मैलांवर, तिकडे ट्रेन जात नव्हती. नोकरी व्हिसावरची आणि आजूबाजूला माणसं कमी करणं चाललेलं, त्यामुळे बर्फाचं कारण सांगून घरी बसायची माझी हिंमत नव्हती. मी म्हणालो, "दिवसभर तिकडे काय करणार?" ते म्हणाले, "तुझ्या ऑफिसजवळ लायब्ररी आहे म्हणतोस ना."

मी पुढचं दार उघडलं. ते मागचं दार उघडून आत बसले.

मला ते फार झोंबलं. बाप मागे आणि मी पुढे, जणू साहेब आणि त्यांचा ड्रायव्हर. बरं, राग आलाय तर बोलून मोकळं व्हावं ना? पण नाही. त्या दिवसानंतर, बर्फ असो नसो, अण्णा मागेच बसायला लागले. मी मनात म्हणायचो, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बायको मला म्हणायची, "तू एकदा सॉरी म्हणून टाक ना. एवढं काय त्यात?" मी म्हणायचो, "मी चुकीचं काय बोललो?"

त्या हिवाळ्यात बर्फाच्या दिवशी ते पाच-सहा वेळा तरी माझ्याबरोबर आले. लायब्ररी दहाला उघडायची. तोवर ते आमच्या ऑफिसच्या खालच्या हॉलमध्ये, माकडटोपी मांडीवर ठेवून बसायचे. येणारे-जाणारे बघायचे. मला लाज वाटायची, आणि हे लिहिताना आता त्या लाजेची लाज वाटते. मग ते रस्ता ओलांडून लायब्ररीत जायचे. इंग्रजी फारसं येत नव्हतं. नकाशांची मोठी पुस्तकं उघडून कुठला रस्ता कुठे जातो ते बोटाने बघत बसायचे. दुपारी डबा खायचे, संध्याकाळी परत मागच्या सीटवर.

गाडीत ते मला एका शब्दाने शिकवायचे नाहीत. फक्त एकदा, एका चढावर सिग्नल सुटला आणि माझी मागची चाकं जागच्या जागी भिरभिरायला लागली, तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्यात अशा जागी पहिल्या गियरवर नाही, दुसऱ्यावर उचलायची गाडी. आणि ॲक्सिलरेटरला पाय नुसता लावायचा." मी ऐकलंच नाही असं दाखवलं. थोडा वेळ गेल्यावर गुपचूप गियरचा दांडा दोनवर आणला आणि पाय हलका केला. गाडी शहाण्यासारखी चढली.

हळूहळू मी सुधारलो. वळणाच्या बराच आधी वेग कमी करायचा, वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही, पुलावर रस्त्यापेक्षा आधी बर्फ धरतो, पुढच्या गाडीपासून एरवीपेक्षा तिप्पट लांब राहायचं. गाडी मागून सटकेनाशी झाली. मला वाटायला लागलं की मी बर्फातला उस्ताद झालो.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी बायकोला कळा सुरू झाल्या. आदल्या संध्याकाळपासून बर्फ पडत होता. रस्त्यावरून बर्फ काढणारी गाडी एकदा फिरून गेली होती आणि तिच्यामागे परत चार बोटं साचलं होतं. हॉस्पिटल चार मैलांवर. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, निघा. मी पुढची सीट मागे सरकवून, पाठ कलती करून ठेवली, म्हणजे तिला आडवं होता येईल.

"पुढं नको," अण्णा म्हणाले. "मागं बसव तिला."

"अण्णा, आत्ता नाही," मी ओरडलो.

"मागं बसव म्हणतो ना." अण्णांचा चढलेला आवाज मी तोवर दोनदाच ऐकला असेल. बायको म्हणाली, "अरे, बसते ना मी मागे. तू चल." मग ती मध्ये, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला अण्णा. पुढच्या सीटवर नुसती कपड्यांची बॅग. मला संतापाने काही सुचत नव्हतं. एवढी जागा पुढे मोकळी आणि ही तिघं मागे कोंबून बसलेली.

हॉस्पिटल एका टेकाडावर आहे. शेवटच्या चढावर एक छोटी गाडी अडकली होती आणि तिची चाकं भिरभिरत होती. तिच्यामागे मी थांबलो असतो तर परत सुटलो नसतो. दांडा दोनवर आणला, ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता माझी गाडी तिच्या कडेने हळूहळू काढली. आरशात बघितलं. बायकोने ओठ घट्ट मिटले होते, आई देवाचं नाव घेत होती. अण्णांनी दोन्ही तळहात सीटवर दाबून धरले होते आणि डोळे मिटले होते. गाडी एकदाही न सटकता वर पोचली.

दुपारी मुलगी झाली. त्या दिवशी मला अण्णांना काहीतरी बोलायचं होतं. पण नर्स येत होत्या, फोन येत होते, पेढे आणायचे होते, आणि ते राहिलं. एप्रिलच्या शेवटी मी त्यांना विमानतळावर सोडलं तेव्हा रस्ते कोरडे खडखडीत होते, तरी ते मागेच बसले. मी म्हटलं, बघा, अजून राग गेलेला नाही.

पुढच्या डिसेंबरात पहिला बर्फ पडला. मी एकटाच ऑफिसला निघालो. तोच उतार, तेच वळण. या वेळी मी सगळं बरोबर केलं होतं. वेग आधीच कमी केला, ब्रेकला पाय लावला नाही. तरी गाडी मागून सुटली, मी स्टेअरिंग फिरवेपर्यंत पूर्ण गिरकी घेऊन आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून हे लिहायला मी आहे. पाच मिनिटं मी तसाच बसून होतो.

ऑफिसात पोचल्यावर कॉलिंग कार्ड लावून कोल्हापूरला घरी फोन केला. तिकडे दिवेलागण झाली होती. आईने उचलला. मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, "गेल्या वर्षी एकदाही अशी फिरली नव्हती. तीच गाडी, तीच चाकं."

"गेल्या वर्षी मागं अण्णा होते," आई म्हणाली.

"त्याचा काय संबंध?"

"असं काय करतोस? तांदूळ तू वर आणून टाकलेस. मग हे म्हणाले, आता मीच बसतो मागं, पासष्ट किलोचं पोतं. येतानाही गाडी रिकामी नको म्हणून दिवसभर तिकडं थांबायचे. तुला कळलं नव्हतं?"

मला कळलं नव्हतं. "मला वाटलं, माझ्यावर रागावलेत," मी कसंबसं म्हणालो.

"रागावले होतेच की. लाल डबा म्हणालास ते लागलं होतं त्यांना. आजही लागतं. पण म्हणून तुला रिकाम्या गाडीत पाठवतील होय?"

तिने फोन अण्णांकडे दिला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं." एक वर्ष उशिरा.

ते म्हणाले, "गाडीला कुठं लागलं का?"

"नाही."

"तुला?"

"नाही."

"आता मागं कोण बसतं?"

"कोणी नाही, अण्णा."

"मग तांदूळ टाक," ते म्हणाले. "दोन्ही पिशव्या टाक. आणि आईला सांगू नको."