बुरशीचं विरजण

बुरशी दिसली की ज्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं असा माणूस साऱ्या सांगली जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरताना ही गोष्ट आम्हांला कुणी सांगितली नव्हती. फौजेतून हवालदार होऊन परतलेले मामा मिरजेजवळच्या आपल्या गावी ऊस बघत बसतील, अशी घरच्यांची समजूत होती. त्यांनी मात्र कुठल्याशा शिबिरातून बुरशीची एक काचेची नळी आणली, देवघराशेजारची मामींची धान्याची खोली ताब्यात घेतली आणि तिथे उसाच्या चिपाडावर बुरशी पिकवायला सुरुवात केली.

चिपाडाचा भुगा आणि गव्हाचा कोंडा भिजवून इडलीपात्रात वाफवायचा, निवला की ताटांत पसरायचा, वर बुरशीचं बी भुरभुरायचं आणि ओलं फडकं झाकून पाच दिवस वाट बघायची. आधी कापसासारखं पांढरं येतं, मग हिरवं. "बुरशीला दात न्हाईत, जावईबापू," मामा मला समजावत. "म्हणून ती आधी लाळ सोडती, चिपाड मऊ करती, मगच खाती. त्या लाळेला एन्झाइम म्हणत्यात. ती आपण पाण्यात उतरवून गाळून घ्यायची." हे ते जेवणाच्या ताटावर सांगत, त्यामुळे त्या घरात मी नेहमी कमी जेवलो.

रोज पहाटे अंघोळ करून, तोंडाला रुमाल बांधून मामा ताटांची हजेरी घेत. ताटांना नंबर होते. सात नंबरमध्ये परकी काळी बुरशी शिरली, तेव्हा त्यांनी ते ताट शिक्षा म्हणून दिवसभर उन्हात ठेवलं आणि बाकीच्या ताटांची फडकी काढून त्यांना ते दाखवलं. मला एकदा सर्दी झाली होती, तर माझा मुक्काम गोठ्यात हलवला गेला. मामी म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात बी हे एवढं सोवळं पाळलं न्हाई ह्यांनी."

या लाळेच्या पाण्याने जीन्सचं कापड मऊ आणि फिकट होतं, म्हणून जीन्स धुणाऱ्या कारखान्यांना ते लागतं. मामांनी प्रयोग स्वतःच्या जीन्स पँटवर केला. उजवा पाय बुरशीच्या पाण्यात, डावा साध्या पाण्यात. ती दुरंगी पँट घालून ते आटपाडीला एका लग्नात गेले. वरपित्याने घाबरत चौकशी केली, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "डावा पाय तुलनेसाठी हाय."

अखेर सांगलीकडचा एक कारखानदार दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माल बघायला येणार असं ठरलं. मामींनी अट घातली, "त्याला पसंत पडलं तर करा. न्हाईतर माझी खोली मला द्यायची." मामांनी शब्द दिला आणि जपून ठेवलेलं सगळं बी एकदम ताटांत ओतलं.

ललितापंचमीला आम्ही गावीच होतो. मामा नवी बादली आणायला मिरजेला गेले होते, मामी आत चहा करत होत्या, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका चुकून त्या खोलीत शिरल्या. देवघराशेजारची अंधारी खोली, नवरात्राचे दिवस आणि एवढ्या सोवळ्यात झाकून ठेवलेली ताटं बघून त्यांना ते घटच वाटले. "यंदा घट लय दाट आल्यात," असं कौतुक करत प्रत्येकीने प्रत्येक ताटात मूठभर हळद, कुंकू, फुलं आणि वर तांब्याभर पाणी वाहिलं. मामा परतले तेव्हा ताटांत पिवळा चिखल झाला होता. मामा नवी बादली मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसले. "पलटण संपली," एवढंच म्हणाले. मला हसू येत होतं, पण त्यांच्याकडे बघून ते जागीच विरलं.

मामी शेजारच्या जाऊबाईंकडे गेल्या आणि फडकं बांधलेली लोणच्याची जुनी बरणी घेऊन आल्या. आत हिरवीगार बुरशी होती. गेले कित्येक महिने त्या मामांच्या नकळत चमचाभर बुरशी तिकडे नेऊन ताज्या वाफवलेल्या कोंड्यावर जगवत होत्या. "एका घरात सगळं विरजण कोण ठेवतं व्हय?" त्या म्हणाल्या. "उठा आता, इडलीपात्र चढवा."

कारखानदार आला. त्याने बादलीत बोट बुडवलं, मग मामांच्या पँटकडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि नमुना म्हणून पँटच मागून घेतली. माल त्याला पसंत पडला होता. मामांनी टॉवेल गुंडाळून गाडीपर्यंत जाऊन त्याला कडक सलाम ठोकला. खोली बुरशीकडेच राहिली, आणि मामी तरी ती खरोखर परत मागत होत्या का, याची मला शंका आहे.

मामी गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. मामा अजून पहाटे हजेरी घेतात, पण दर महिन्याला न चुकता साताऱ्याला आमच्याकडे येऊन एक डबी देतात आणि जुनी घेऊन जातात. "एका घरात ठेवायचं न्हाई, तिनं सांगितलंय," म्हणतात, आणि चहा न घेताच परतीची एसटी पकडतात. बुरशीच्या नावाने नाक मुरडणाऱ्या माझ्या बायकोने त्या डबीला फ्रिजमध्ये दह्याशेजारी जागा दिली आहे. वर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे : मामींचं आहे, टाकू नये.