मेंढीच्या बाळंतपणाला धावलेले आमचे हे

गेल्या रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघं जरा पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडलो, ते घरी आलो थेट चारला. कपड्यांना चिखल, बाह्यांना रक्त, अंगाला मेंढीचा वास… आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं.

नवीन मित्रमैत्रिणींसाठी थोडं आधीचं सांगते. मी नर्स. माहेर कळमनुरीचं, सासर सेनगाव तालुक्यातलं साखरा. इंग्लंडमधल्या एका लहानशा गावाजवळच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि दहा महिन्यांपूर्वी आम्ही इकडे आलो.

आमचे हे, म्हणजे कैलासराव, गावाकडे शेती बघायचे. हळद, सोयाबीन, दोन म्हशी आणि पंधरा-वीस शेळ्या. इकडे आल्यावर त्यांनी घर हातात घेतलं. मी ड्युटीवरून आले की गरम भाकरी तयार असते. सुरुवातीला तिचा नकाशा व्हायचा, आता चांगली गोल होते…

पण काम काही मिळेना. मुलाखतीत समोरचा भराभर बोलायला लागला की हे गप्प. हळूहळू दुकानातसुद्धा ते माझ्या मागे उभे राहायला लागले. सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला की यांना नेमकं काहीतरी काम निघायचं, कारण सासरे पहिल्यांदा तेच विचारणार… नोकरी लागली का?

आणि त्या रविवारच्या दोन-तीन दिवस आधी जेवताना हळूच म्हणाले, "वैशाली, मी गावाकडं जाऊ का वापस? इथं नुसता खिडकीत बसून राहिलो मी." थांबा म्हणायचं तर कशाच्या जोरावर म्हणायचं?

तर रविवारी आम्ही शेतांमधल्या पायवाटेने निघालो. एका कुंपणापाशी साठीच्या पुढच्या एक बाई फोनवर घाईघाईने बोलत होत्या. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. पुढ्यात गवतावर एक मेंढी आडवी पडून कण्हत होती.

मी विचारलं, काही मदत हवी का? बाईंचं नाव जेन, शेत त्यांचंच. मेंढी तासाभरापासून अडली होती, जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या गावात, यायला अजून तासभर तरी लागणार. आणि एका हाताने त्यांना काही करता येत नव्हतं.

मी हे सगळं यांना मराठीत सांगेपर्यंत हे कुंपण ओलांडून मेंढीजवळ बसलेसुद्धा होते. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "तोंड आलंय, पाय एकच आलाय. दुसरा मागं दुमडलाय. तिला सांग, डॉक्टरची वाट पाहिली तर लेकरू जाईल. साबण आन् पाणी पाह्यजे, लवकर."

दहा महिन्यांत इतकं ठाम बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. जेनबाईंनी विचारलं, यांनी हे आधी केलंय का? मी सांगितलं, लहानपणापासून करतात, घरच्या शेळ्यांची बाळंतपणं. त्यांनी क्षणभर यांच्याकडे पाहिलं आणि बादली आणायला गोठ्याकडे पळाल्या.

मग यांनी जॅकेट काढलं, कोपरापर्यंत हात धुतले. मला मेंढीचं डोकं धरायला लावलं. मी माणसांची नर्स, मेंढी पहिल्यांदाच धरत होते! हे तिच्याशी हळू आवाजात बोलत होते… "बस बाई, बस. झालंच आता." कोकरू थोडं आत ढकललं, बोटांनी चाचपडत दुमडलेला पाय सरळ केला, आणि मेंढीने कळ दिली तसं अलगद ओढून घेतलं.

कोकरू बाहेर आलं, पण हलेना. जेनबाईंनी तोंडावर हात धरला. यांनी त्याचं नाक-तोंड पुसलं, मूठभर वाळलं गवत घेऊन छाती खसाखसा चोळली, मग एक काडी नाकपुडीत फिरवली.

कोकरू शिंकलं…

एवढीशी शिंक, पण मी तिथे चिखलात बसून रडले. दहा मिनिटांनी दुसरं कोकरू आपलं आपण आलं. मेंढी दोघांना चाटायला लागली. डॉक्टर पोचले तेव्हा हे पिल्लांना आचळाला लावून देत होते. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि यांच्याशी हात मिळवला.

जेनबाईंनी स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला. म्हणाल्या, अजून चाळीस मेंढ्या व्यायच्या आहेत आणि माझा हात असा. तुम्ही उद्यापासून कामाला याल का? मी सवयीने भाषांतर करायला तोंड उघडलं, तर हे माझ्याआधी म्हणाले, "यस. टुमॉरो. व्हॉट टाइम?"

मी तोंड मिटलं आणि चहा प्यायले.

घरी येऊन यांनी हात धुतले आणि स्वतःहून साखऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. काम लागलं हे सांगायच्या आधी कोकरांचे फोटो दाखवले. सासऱ्यांनी चष्मा लावून ते पाहिले. मग विचारलं, "दोघांला पुरंल का रे तिचं दूध?" हे म्हणाले, "पुरंल दादा. मी हाय ना तिथं."

सोमवारपासून हे रोज सहाला घराबाहेर पडतात. जेनबाईंकडची नोकरी मेंढ्यांची बाळंतपणं संपेपर्यंतच आहे, पुढचं पुढे बघू. आता मी घरी आले की भाकरी मलाच कराव्या लागतात, पण जेवताना हे न थांबता बोलत असतात… कोणती व्यायली, कोणती हट्टी आहे, कोणत्या पिल्लाला बाटलीने पाजलं.

मी फक्त ऐकते. घरात माणसाचा आवाज असणं ही केवढी श्रीमंती असते, हे मला इतक्या दूर येऊन कळलं.