आईचा हाराचा फोटो

आमच्या आईनं मेल्यावर भिंतीवर लावायचा फोटो जिवंतपणीच, समोर बसून काढून घेतला. त्यात मरायची पाळी आली ती माझ्यावर.

झालं असं, की बरकतपुऱ्यातल्या तिच्या भजनी मंडळातल्या एक आजी गेल्या. तेराव्याहून आई परत आली ती चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली. घरच्यांना ऐन वेळी आजींचा फोटो सापडेना, म्हणून नातवाच्या मुंजीतला लावला होता. हातात द्रोण आणि तोंडात लाडू! (वर मोगऱ्याचा हार, खाली उदबत्त्या आणि मध्ये आजी चावतायत.) आईनं त्याचा असा धसका घेतला, की रात्रीचं जेवण तिला गोड लागेना.

"मोबाईलात माझे ढीगभर फोटो आहेत," ती म्हणाली, "पण डोळे उघडे आहेत तर तोंड उघडं, अन् तोंड मिटलंय तर डोळे मिटलेले. माझा हाराचा फोटो मला माझ्या डोळ्यांनी बघून पास करायचाय."

आणि नेमका त्याच सुमारास मी निवृत्त होऊन एक कॅमेरा घेऊन बसलो होतो. चिक्कडपल्लीतला एक जुना स्टुडिओ बंद होताना त्यांच्याकडून आणलेला. लाकडी, तीन पायांवर उभा, पुढे पेटीच्या भात्यासारखा भाता, आणि आत एका वेळी वहीच्या पानाएवढी एकच फिल्म. फोटो काढताना डोक्यावर काळं कापड घ्यायचं. माझी बायको शुभांगी पुण्याची आहे, तिला कशाचंही कौतुक करायला वेळ लागतो. तिनं कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली आणि आता हे धान्याचं कोठार हॉलमध्ये कायमचं राहणार का, एवढंच विचारलं. मला भयंकर राग आला. कला कशाला म्हणतात हे या बाईला दाखवूनच देईन, असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि आईला शब्द देऊन टाकला. (तोवर मी त्या कॅमेऱ्यानं एकही फोटो काढला नव्हता, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.)

रविवारी सकाळी आई गडद निळी इरकल नेसून खिडकीशी खुर्चीत बसली. मी काळ्या कापडाखाली शिरलो. या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर माणूस खाली डोकं वर पाय असा दिसतो, ते मी तिला उत्साहाच्या भरात सांगून बसलो. मग ती ऐकेना. मला उलटी टांगणार का रे, म्हणून खुर्चीतून उठायलाच लागली. फोटो सुलटा येतो हे तिला पटवण्यात माझा निम्मा दम गेला.

फिल्म एका चपट्या लाकडी खोक्यात असते, पुढे काळी पाटी. आधी भिंग बंद करायचं, मग पाटी ओढायची, मग क्षणभर भिंग उघडायचं. साधी गोष्ट. मी भिंग बंद न करताच पाटी ओढली! पहिली फिल्म तिथेच वाया गेली. खोक्याच्या दुसऱ्या बाजूला आणखी एकच होती. मी आईला म्हणालो, सवयीसाठी एक खोटा काढला, आता खरा काढतो. शुभांगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नुसती हसली. दुसऱ्या वेळी मात्र सगळं क्रमानं झालं आणि आईनं तर पापणीसुद्धा हलवली नाही.

आता ती फिल्म धुवायची होती. त्यासाठी ठार अंधार लागतो. आमच्या फ्लॅटमध्ये खिडकी नसलेली एकच जागा, मागचं बाथरूम. मी तिथे पाट मांडून त्यावर औषधांचे ट्रे ठेवले, दाराखालच्या फटीत जुनी गोधडी कोंबली. शुभांगीनं परात द्यायला साफ नकार दिला होता, म्हणून ट्रे प्लॅस्टिकचे. औषधाचा आंबूस वास घरभर पसरला. बाथरूममध्ये लोणचं घातलंय का, अशी बाहेरून विचारणा झाली, तिकडे मी दुर्लक्ष केलं. दोघींना बजावून सांगितलं, की काहीही होवो, दार उघडायचं नाही. आई म्हणाली, हौ, नाही उघडत. मोबाईलसुद्धा बाहेर ठेवून मी आत शिरलो.

आत मी फिल्म औषधात सोडली आणि मनात आकडे मोजत ट्रे हलवू लागलो. काय सांगू, फार बरं वाटत होतं. साठी उलटलेला माणूस, अंगात बनियन, काळ्याकुट्ट अंधारात, आणि बोटांखाली आईचा चेहरा हळूहळू उमटतोय! मला अगदी भरून आलं. त्या नादात बाहेर तिन्हीसांजा होत आल्यात हे माझ्या ध्यानीमनी राहिलं नाही.

आमच्या घरात तिन्हीसांजेला एकही खोली अंधारी ठेवत नाहीत. आई देवापाशी दिवा लावते आणि मग घरभर फिरून एकेक बटण दाबत जाते. लक्ष्मी यायच्या वेळेला घरात काळोख नको. मी जन्मापासून हे बघतोय. आणि आमच्या बाथरूमच्या दिव्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर आहे.

टक्.

मी जो ओरडलो, तो थेट काचीगुड्याच्या स्टेशनात ऐकू गेला असेल. ट्रे झाकायला काही हाताशी नव्हतं, म्हणून मी ट्रेवर पालथाच पडलो. बनियन औषधात बुडाली. बाहेरून आईचा घाबरा आवाज आला, पडलास का रे?

"दिवा बंद कर आधी!"

"तिन्हीसांजेला लावलेला दिवा लगेच विझवत नसतात, अनंता."

"आई, दार उघडायचं नाही असं सांगितलं होतं ना मी?"

"दार कुठं उघडलं? घरातला कर्ता माणूस या वेळेला अंधारात बसलाय, म्हणून दिवा लावला फक्त."

शेवटी शुभांगीनं येऊन बटण बंद केलं आणि त्याबद्दल देवापुढे हात जोडले. मी ओल्या बनियनमध्ये, चरफडत, फिल्म जशी होती तशी धुऊन वाळत टाकली.

दुसऱ्या दिवशी तांबडा दिवा लावून त्याच बाथरूममध्ये फोटो छापायला बसलो. फिल्म कागदावर ठेवायची, वर काच दाबायची, पांढरा दिवा क्षणभर लावून विझवायचा आणि कागद औषधात सोडायचा. आई पाटावर माझ्याशेजारी येऊन बसली होती, तिला हलवणं शक्य नव्हतं. कागदावर हळूहळू एक बाई आली. कोण होती देव जाणे! फिल्म धुताना मध्येच उजेड लागला की फोटोत गडदाचं फिकट आणि करड्याचं काळं होतं म्हणे. सुरकुत्या म्हणजे चेहऱ्यावरच्या गडद रेघा, त्या पार पुसल्या गेल्या होत्या. करडे केस काळेभोर झालेले. निळी इरकल चांदीसारखी चमकत होती आणि चेहऱ्याभोवती कुणी काजळानं कड काढावी तशी रेघ. मी कपाळाला हात लावला.

आईनं मात्र चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग इतकी खूश झाली, की मला जवळ ओढून माझ्या टकलावरून हात फिरवला.

"अगदी अशीच दिसत होते मी," ती म्हणाली. "आत्ताच लाव भिंतीवर. मेल्यावर मला कुठं बघायला मिळणार?"

फोटो हॉलमध्ये लागला. समोरच्या फ्लॅटमधल्या तेलुगू बाईंनी, ही कोण जुन्या काळची नटी, असं विचारलं आणि आई दोन दिवस हवेत होती. पण मला ते सहन होईना. चूक भिंतीवर मिरवते आणि माझी कला कुठे दिसत नाही! मी आईच्या हातापाया पडून तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. या खेपेला भिंग वेळेवर बंद केलं, बाथरूमच्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि सगळं उरकलं ते भर दुपारी.

आणि फोटो आला! असा फोटो मी जन्मात पाहिला नव्हता. भुवईचा केस न् केस, नाकावरचा तीळ, कपाळावरच्या आठ्या, गालावरची प्रत्येक सुरकुती, इरकलीच्या काठाचा धागा न् धागा. मी तो फोटो आईच्या हातात दिला आणि शुभांगीला मुद्दाम हाक मारून बोलावलं.

आईनं फोटो लांब धरला, जवळ धरला, मग खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"फोटो झकास आलाय रे," ती म्हणाली. "पण तू माझी इरकल कशाला नेसलास?"

शुभांगीनं तो फोटो जपून कपाटात ठेवलाय. म्हणते, राहू दे, तुमच्या हाराच्या वेळी वेगळा काढायला नको.