घटस्फोटाच्या कोर्टात जेवायला

लग्नाच्या वाढदिवसाला जावयाने सासू-सासऱ्यांसाठी शहरातल्या नामांकित हॉटेलात एक रात्र बुक केली. हौशी पोरगा. जुन्या वास्तूचं नूतनीकरण करून थाटलेलं हॉटेल, एवढंच त्याला ठाऊक. तिथे पूर्वी कौटुंबिक कोर्ट भरायचं आणि सासरेबुवांनी सासूबाईंपासून घटस्फोट मागितला तो इथेच, हे त्या बिचाऱ्याला सांगणार कोण?

सासूबाईंनी, म्हणजे शिलाईवाल्या काकूंनी, टॅक्सीतून उतरताच इमारत ओळखली. "अहो, बघा कुठे आणून सोडलंय!" सासरेबुवांनी, म्हणजे घड्याळवाल्या काकांनी, चष्मा पुसला आणि काही ऐकलंच नाही असं दाखवलं. यात त्यांचा हातखंडा होता.

आतला थाट काय विचारता! ज्या बाकांवर ताटकळून माणसांची कंबर मोडायची, त्यांवर मखमल चढली होती. वेटरना वकिलांचे काळे कोट. झोपायची खोली ‘न्यायमूर्तींचं दालन’, सुपाचं नाव ‘अंतरिम दिलासा’. टायवाला मॅनेजर म्हणाला, "टेबल तयार व्हायला जरा वेळ लागेल." काकांनी सवयीने हात जोडले. "पुढची तारीख कधी?" मॅनेजर पोट धरून हसला. त्याला वाटलं, पाहुणे विनोदी आहेत.

काकूंना मात्र हसू आलं नाही. त्या तारखांपायी चपला झिजल्या होत्या त्यांच्या. मग एका संध्याकाळी काका त्यांच्या माहेरच्या दारात येऊन उभे राहिले. "चल घरी. कंटाळा आला तारखांचा." बस्स, एवढंच. संसार पुन्हा सुरू झाला, मुलगी झाली, तिचं लग्नही झालं. पण नवऱ्याने आपल्याला परत आणलं ते निव्वळ कंटाळ्यापोटी, हा सल काही गेला नाही. विचारायला जावं तर काका डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात डोकं खुपसायचे.

जेवणाच्या दालनात साक्षीदाराचा पिंजरा जसाच्या तसा ठेवला होता. पाहुण्यांनी त्यात उभं राहून फोटो काढावा, अशी शेजारी पाटी. सूप आलं तशा काकू म्हणाल्या, "जा, उभे राहा तिथे."

"फोटो कशाला उगाच या वयात?"

"फोटो गेला खड्ड्यात. शपथ घ्या आणि खरं सांगा. मला परत का नेलंत?"

काका पिंजऱ्यात चढले. हात वर केला. भिंग घरी राहिलं होतं, त्यामुळे लपायला जागाच नव्हती. आजूबाजूचे चमचे थांबले.

"त्या दिवशी माझी साक्ष होती. बायको ढुंकून बघत नाही, असं सांगायचं वकिलाने घोकवून घेतलं होतं. आणि तू व्हरांड्यातच अडवलंस. शर्टाचं बटण लोंबत होतं. शिव्या घालत घालत पर्समधून सुई काढलीस आणि टाकलंस लावून. इथे उभा राहिलो तर हात सारखा त्या बटणावर. तोंडातून शब्द फुटेना. पोट दुखतंय म्हटलं आणि बाहेर जाऊन केस मागे घेतली."

"मग हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली गं."

काकूंचे डोळे भरून आले. एवढी वर्षं उगाच जाळली म्हणून राग आला आणि आनंद तर त्याहून मोठा झाला.

आता बटणाचं म्हणाल, तर ते काकूंनी आपल्या शिलाईच्या दुकानापायी लावलं होतं. शिलाईवालीचाच नवरा भर कोर्टात लोंबत्या बटणाने उभा राहिला असता, तर गिऱ्हाईक फिरकलं असतं का? हे अगदी ओठांवर आलं होतं.

"उतरा आता. सूप गार होतंय," त्या म्हणाल्या. शपथ काकांनी घेतली होती, त्यांनी नव्हे.